समुपदेशन कोणाच्या मापाने बेतायचे?

गेल्या अंकातील सदरात मी ओघात एक वाक्य लिहिले होते, की समुपदेशन हे दोघांनी मिळून करायचे काम आहे आणि त्यात समोर बसलेल्या व्यक्तीचे मत समुपदेशकाच्या प्रशिक्षणाइतकेच वजनदार असते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील काही चांगलीच वैतागलेली होती, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उत्तरांत आलेले प्रसंगही कोणा एका व्यक्तीचे नसून अनेक अनुभव एकत्र करून रचलेले आहेत.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. रात्री झोप लागत नाही आणि कामावर चिडचिड होते, म्हणून एका समुपदेशकांकडे जाऊ लागलो. चार सत्रे झाली. मी काहीही विचारले की त्या मलाच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटते?’ मला काय वाटते हे कळत असते तर मी त्यांच्याकडे कशाला गेलो असतो? डॉक्टर कधी रुग्णाला ‘औषध तुम्हीच सुचवा’ असे म्हणत नाहीत. मग मी फी नेमकी कशाची देतो आहे?

उत्तर : आपला वैताग रास्त आहे आणि केवळ एका व्यवसायातल्या म्हणून मी आपल्या समुपदेशकांची बाजू घेणार नाही. ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न योग्य वेळी विचारला तर फार मोलाचा असतो, परंतु चार सत्रे प्रत्येक शंकेला तेच उत्तर मिळत असेल तर त्याला मी सहकार्य म्हणणार नाही, टोलवाटोलवी म्हणेन. दोघांनी मिळून काम करायचे म्हणजे समुपदेशकाने आपल्याजवळचे ज्ञान खिशात दडवून ठेवायचे, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

तरीही हा प्रश्न आमच्या व्यवसायात आला कोठून, हे सांगायला हवे. बोलण्यातून उपचार करण्याच्या पद्धतीचा इतिहास सांगताना जोसेफ ब्रॉयर या डॉक्टरांकडे १८८० ते १८८२ या काळात उपचार घेणाऱ्या एका तरुणीचा उल्लेख नेहमी येतो. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकिकत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. आपल्याला कशाने बरे वाटते हे तिनेच डॉक्टरांच्या लक्षात आणून दिले आणि ‘बोलण्याचा उपचार’ हे नावही तिनेच दिले. म्हणजे या उपचाराचे बारसे मुळात उपचार घेणाऱ्या व्यक्तीने केले आहे. हे आम्ही समुपदेशक मात्र सोयीस्करपणे विसरतो. पुढे कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात ‘रुग्ण’ हा शब्द बाजूला ठेवून ‘क्लायंट’ हा शब्द रूढ केला. आजही आम्ही आपसांत बोलताना तोच वापरतो, कारण ‘समुपदेशार्थी’ हा शब्द कागदावर चांगला दिसत असला तरी तोंडात बसत नाही. रॉजर्स यांचे म्हणणे असे होते, की कोठे दुखते आहे आणि कोणत्या दिशेला जायचे आहे हे त्या व्यक्तीलाच आतून उमगत असते. समुपदेशकाने अशी स्थिती निर्माण करावी की तिला ते स्वतःच्या कानांनी ऐकू येईल.

या म्हणण्याला नेमके रूप दिले ते एडवर्ड बॉर्डिन यांनी, १९७९ मध्ये. समुपदेशक आणि क्लायंट यांच्यातील कामाचे नाते तीन गोष्टींवर उभे असते, असे त्यांनी मांडले : कशासाठी काम करायचे याबद्दल एकमत, त्यासाठी प्रत्यक्ष काय करायचे याबद्दल एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. आपल्या पत्रातून मला असे दिसते की पहिल्या दोन गोष्टी आपल्याशी बोलल्याच गेलेल्या नाहीत. विश्वास आहे की नाही हा पुढचा प्रश्न झाला.

उद्दिष्टावर एकमत म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, ‘मला आत्मविश्वास वाढवायचा आहे.’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा येते की समुपदेशकाला आपल्याजवळचा आत्मविश्वासाचा ठरलेला कार्यक्रम बाहेर काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरून मी विचारले, ‘आत्मविश्वास नाही हे तुम्हाला शेवटचे कधी जाणवले?’ ते म्हणाले, ‘काल दुपारी.’ मग कळले, की बैठकीत त्यांना एक हिशेब चुकलेला दिसला होता, तो त्यांनी वहीच्या कडेला पेन्सिलीने बरोबर करून ठेवला, आणि बैठक संपेपर्यंत त्या आकड्यावर अंगठा दाबून बसले. आता आमच्यासमोर ‘आत्मविश्वास’ नव्हता, अंगठ्याखाली झाकलेला एक आकडा होता. पुढच्या बैठकीत तो अंगठा उचलायचा की नाही, उचलला तर काय बोलायचे आणि कोण काय म्हणेल अशी भीती वाटते, यावर आम्ही पाच सत्रे काम केले. उद्दिष्ट त्यांचे होते, शब्दही त्यांचे होते. माझा वाटा एवढाच, की ‘शेवटचे कधी?’ हे विचारायचे असते हे मला ठाऊक होते. फी त्या ठाऊक असण्याची असते.

आता आपल्या झोपेविषयी. कोणतेही शारीरिक कारण नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. ते नसेल तर निद्रानाशासाठी विचार आणि वर्तन यांवर काम करणारी, चांगली अभ्यासलेली पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात सकाळी उठण्याची वेळ पक्की ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून दुसरीकडे बसणे आणि अंथरुणात घालवायचा वेळ सुरुवातीला मुद्दाम कमी करणे, अशा नेमक्या गोष्टी असतात. ही माहिती आपल्या समुपदेशकांनी आपल्यापुढे ठेवायला हवी आणि मग विचारायला हवे, ‘यातले काय तुम्हाला जमेल असे वाटते?’ या ठिकाणी मात्र तो प्रश्न चपखल बसतो. पुढच्या सत्राच्या सुरुवातीलाच आपण त्यांना स्पष्ट विचारावे, ‘आपण दोघे नेमके कशावर काम करत आहोत आणि ते तुम्ही असे का करत आहात?’ चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही. आला, तर तीही आपल्यासाठी उपयुक्त माहितीच आहे.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण दोघी योगायोगाने एकाच समुपदेशकांकडे जातो. तिला त्या तक्ते भरायला देतात, विचारांची नोंद ठेवायला लावतात, फळ्यावर आकृत्या काढून दाखवतात. मला मात्र नुसते बोलू देतात आणि स्वतः फार कमी बोलतात. दोघींनाही चिंतेचाच त्रास आहे. मग खरी पद्धत कोणती? माझ्याकडे त्या कमी लक्ष देतात का?

उत्तर : नुसते ऐकणे हे काम सोपे असते असा समज आहे, म्हणून आपल्याला कमी लक्ष मिळाल्यासारखे वाटत असावे. पत्रावरून मी आपल्या समुपदेशकांच्या मनातले सांगू शकत नाही, परंतु एकाच त्रासासाठी दोघींना दोन पद्धती दिल्या म्हणजे एकीवर अन्याय झाला, असे होत नाही. शिंपी सर्वांचे सदरे एकाच मापाने बेतू लागला तर आपण त्याच्याकडे पुन्हा जात नाही.

उपचारपद्धतींची आपसांतली भांडणे जुनी आहेत. सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले होते, की परस्परविरोधी वाटणाऱ्या पद्धतींना साधारण सारखेच यश मिळताना दिसते, तेव्हा त्या सर्वांत समान असे काहीतरी असले पाहिजे. पुढे १९६७ मध्ये गॉर्डन पॉल यांनी प्रश्नच बदलला. कोणती पद्धत श्रेष्ठ, हे विचारण्याऐवजी, कोणाकडून दिलेला कोणता उपचार या विशिष्ट व्यक्तीच्या या विशिष्ट अडचणीसाठी कोणत्या परिस्थितीत उपयोगी पडतो, असे त्यांनी विचारायला लावले. प्रश्न लांबलचक झाला खरा, पण समुपदेशकाच्या खोलीत दररोज तोच पडत असतो. मिक कूपर आणि जॉन मॅक्लाउड यांनी २००७ मध्ये मांडलेला बहुविध दृष्टिकोन याच प्रश्नावर उभा आहे : वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गोष्टींची मदत होते, आणि आपल्याला कशाने मदत होईल हे शोधण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या व्यक्तीशीच त्याबद्दल बोलणे.

मराठी वाचकांना ॲल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती चांगली परिचित आहे. अविवेकी समजुती शोधणे, त्यांना आव्हान देणे, त्यांच्या जागी विवेकी विचार ठेवणे, हा तिचा गाभा. वाद घालायला, तर्क लढवायला ज्यांना आवडते त्यांना ही पद्धत पाण्यातल्या माशासारखी मानवते. परंतु ज्या व्यक्तीचे म्हणणे आजवर प्रत्येकाने खोडूनच काढले आहे, तिच्या समुपदेशकानेही पहिल्याच दिवशी ‘याला पुरावा काय?’ असे विचारले, तर तिला आणखी एक खोडून काढणारा भेटला असेच वाटेल. त्याच प्रश्नाला सहाव्या सत्रात ती हसून उत्तर देऊ शकते. पद्धत तीच, माणूस तोच, वेळ मात्र वेगळी.

भाषाही अशीच बेतावी लागते. यंत्रांची देखभाल करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. ‘भावना’ हा शब्द मी काढला की त्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे जात. तिसऱ्या सत्रात ते स्वतःच म्हणाले, ‘डोक्यात दाब वाढतो.’ मी विचारले, ‘किती वाढला की शिट्टी वाजते?’ ते खुर्चीत पुढे सरकले आणि पुढची चाळीस मिनिटे दाब कोठून येतो, कोणती झडप गंजून बसली आहे, वाफ सोडली तर जवळपासच्या कोणाला भाजेल, हे सगळे त्यांनी मलाच समजावून सांगितले. त्या सत्रात भावना हा शब्द एकदाही आला नाही आणि भावनांखेरीज दुसरे काही बोललेही गेले नाही.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी, कारण या विषयावर लिहिणारे ती पुष्कळदा टाळतात. प्रत्येक त्रासाला प्रत्येक पद्धत सारखीच लागू पडते, असे नाही. वारंवार हात धुण्यासारख्या मंत्रचळाच्या त्रासात, किंवा एखाद्या गोष्टीच्या तीव्र भीतीत, त्या भीतीला पायरीपायरीने सामोरे जाणे हा उपचाराचा गाभा असतो. केवळ सहानुभूतीने ऐकत राहिल्याने तेथे फारसे काही हलत नाही. क्लायंटला ते नको असते, हे उघड आहे, कारण टाळणे हाच तर त्रासाचा भाग आहे. अशा वेळी क्लायंटच्या कलाने घ्यायचे म्हणून समुपदेशकही टाळाटाळीत सामील झाला तर तो भला माणूस ठरेल, उपयोगी ठरणार नाही. कोणती पायरी पहिली, किती वेळ थांबायचे, कोण सोबत असावे, हे क्लायंटने ठरवावे. पायऱ्या चढायच्या आहेत, हे समुपदेशकाने स्पष्ट सांगावे.

आपल्याला तक्ते हवे असतील तर मागून घ्या. आणि मैत्रिणीच्या सत्रांशी आपल्या सत्रांची तुलना मनात घोळते आहे, हेही समुपदेशकांना जरूर सांगा. दोघी एकाच ठिकाणी जाण्याने अडचण होत असेल, तर तिच्यावर वेळीच बोललेले बरे.

प्रश्न : समुपदेशकांनी दररोज रात्री वहीत मनःस्थितीची नोंद करायला सांगितली होती. मी केली नाही. सत्राच्या दिवशी बाहेर बसून सात दिवसांची नोंद घाईघाईने भरली आणि खरी म्हणून दाखवली. त्यांनी कौतुक केले. आता मला तिकडे जाण्याचीच लाज वाटते.

उत्तर : सात दिवसांची नोंद एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने, शेवटच्या ओळींना थोडी जास्तच घाई झालेली, अशी वही आम्ही सर्वांनीच पाहिलेली असते. त्यामुळे आपल्या समुपदेशकांना कदाचित शंका आलीही असेल. आपल्याला शाळेतल्यासारखी शिक्षा व्हायची नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. दोष द्यायचाच तर मी तो ‘गृहपाठ’ या शब्दाला देईन. तो शब्द ऐकला की मोठी माणसेही बाकावर जाऊन बसतात.

सामूहिक प्रयोग म्हणून पाहिले, तर न झालेली नोंद ही झालेल्या नोंदीइतकीच बोलकी असते. ॲरन बेक यांनी बोधात्मक उपचारपद्धती घडवताना, समुपदेशक आणि क्लायंट यांनी दोन संशोधकांसारखे शेजारी बसून पुरावे तपासावेत, असा आग्रह धरला होता. संशोधकाचा प्रयोग फसला तर तो उपकरणांकडे पाहतो, स्वतःला कान धरून उभे करत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची वही तीन आठवडे कोरी राहिली. कारण विचारल्यावर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, की घरात त्यांचा म्हणून एकही कप्पा असा नाही जो दुसरे कोणी उघडत नाही. मी त्यांना लिहायला सांगत होते आणि लिहिलेले ठेवायला जागाच नव्हती! हे विचारायला हवे होते ते मी विचारले नव्हते. मग आम्ही ठरवले, की शब्द लिहायचेच नाहीत. रात्री मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत शून्य ते दहा यांपैकी फक्त एक आकडा टाकायचा. तो कोणी पाहिला तरी त्याचा अर्थ कोणाला लागणार नव्हता. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही.

आपण पुढच्या सत्रात एवढेच म्हणावे, ‘मागची नोंद मी बाहेर बसून भरली होती आणि ते सांगायला मला लाज वाटते आहे.’ जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी समुपदेशनाच्या नात्यात पडणाऱ्या भेगांचा आणि त्या बुजवण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले, की भेग उघडपणे बोलून बुजवली गेली तर ते बुजवणेच उपचाराचा महत्त्वाचा भाग ठरू शकते. कोणाला नाराज करण्याच्या भीतीने खोटे बोलणे ही सवय आपल्याला खोलीबाहेरही त्रास देत असण्याची बरीच शक्यता आहे. ती तपासायला आयतीच संधी चालून आली आहे.

प्रश्न : आमचा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याच्या समुपदेशनाची फी आम्ही देतो. तो अभ्यासाला लागावा एवढीच आमची अपेक्षा आहे. परंतु समुपदेशक म्हणतात, की उद्दिष्ट तो ठरवील आणि सत्रांत काय बोलणे होते ते आम्हाला सांगता येणार नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. फी कोणीही दिली तरी तो सज्ञान आहे आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचे बोलणे बाहेर जाऊ नये. त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका असल्यास समुपदेशक गोपनीयता बाजूला ठेवतात आणि तसे पहिल्याच सत्रात सांगूनही ठेवतात. त्या प्रसंगी मिळून ठरवत बसण्यापेक्षा जीव सुरक्षित ठेवणे आधी येते.

उद्दिष्टाबद्दल आपली कळकळ समजते. परंतु आपण ठरवलेल्या उद्दिष्टासाठी तो खुर्चीत बसेल, काम करणार नाही. त्याची तयारी असेल तर एखादे सत्र सर्वांनी मिळून घेता येते, आणि तेथे आपली अपेक्षा आपण त्याच्यासमोर सांगू शकता.

प्रश्न : माझ्या समुपदेशक प्रत्येक सत्राच्या शेवटी एक कागद देतात. त्यावर चार आडव्या रेघा असतात आणि आजचे सत्र कसे वाटले त्याप्रमाणे प्रत्येक रेघेवर खूण करायची असते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी चारही खुणा उजव्या टोकाला करते. खरे तर मला वाटते, की त्या माझ्या भूतकाळात फार रमतात. हे कागद त्या खरेच वाचतात का?

उत्तर : वाचतात, निदान वाचावेत यासाठीच ते तयार झाले आहेत. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही छोटी मापनपट्टी केली. प्रत्येक रेघ दहा सेंटिमीटरची असते आणि चारही खुणांची बेरीज चाळीसपर्यंत जाते. पहिली रेघ आपले म्हणणे ऐकले गेले का, हे विचारते. दुसरी आपल्याला हव्या त्या विषयावर बोलणे झाले का, हे. तिसरी पद्धत आपल्याला मानवली का, हे. आणि चौथी एकूण सत्राबद्दल असते. सत्राच्या सुरुवातीला भरायची अशीच आणखी एक पट्टी असते आणि ती मधला आठवडा कसा गेला, हे पाहते.

या खटाटोपाचे कारण आमच्यासाठी थोडे बोचरे आहे. समोरच्याची प्रगती होते आहे की नाही, याबद्दल समुपदेशकाचा अंदाज बऱ्याचदा चुकतो, आणि विशेषतः ज्यांची स्थिती बिघडत चालली आहे ते आमच्या नजरेतून सुटतात. मायकेल लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केले. नियमित मापन करून त्याची माहिती समुपदेशकाला दिली, तर अशा लोकांची स्थिती आणखी बिघडण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. आपण चाळीसपैकी चाळीस देता तेव्हा समुपदेशकांना सुखावणारा, परंतु निरुपयोगी आकडा मिळतो, आणि त्या आपल्या भूतकाळात रमतच राहतात, कारण आपल्याला तेच हवे आहे असा पुरावा त्यांच्याजवळ आपल्याच हस्ताक्षरात असतो.

कदाचित त्या भूतकाळाकडे वळतात त्याला काही कारण असेल आणि ते ऐकून आपल्याला पटेलही. परंतु तो संवाद व्हायचा तर सुरुवात आपल्या पेनाने व्हायला हवी. पुढच्या सत्रात पहिली रेघ आपल्याला वाटेल तशी भरा. दुसऱ्या रेघेवर मात्र खूण तीन सेंटिमीटर डावीकडे करा, कागद उलटा न ठेवता त्यांच्या हातात द्या, आणि त्या काय विचारतात ते ऐकायला दोन मिनिटे खुर्चीतच थांबा.